क्लच बदलायचा, तर इंजिन उतरवायचं: १९७० च्या एमजीबीचं हिवाळी काम

गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन १८जीजी, १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगचं, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर. गिअरबॉक्स चारही गिअरना सिंक्रो (गिअर न कुरकुरता पडावा यासाठीची कडी) असलेला, त्याच्या मागे लेकॉक कंपनीचा एलएच ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड. जागा इंग्लंडमधल्या एका घराशेजारचं, एकच गाडी मावेल असं गॅरेज. तक्रारी दोन. चौथ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण रेस दिली की आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो. आणि गाडी रात्रभर उभी राहिली की बेलहाऊसिंगखाली (गिअरबॉक्सच्या पुढचं, क्लच झाकणारं घर) तेलाचा ताजा डाग दिसतो.

बहुतेक जुन्या गाड्यांत हे दोन दिवसांचं काम. खालून गिअरबॉक्स उतरवा, क्लच बदला, परत चढवा. एमजीबीत ते जमत नाही. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशरमधल्या अ‍ॅबिंग्डनला पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, बॉडीत गिअरबॉक्स बसतो तो टनेल अरुंद आहे आणि गिअरबॉक्सखालून एक क्रॉसमेंबर बॉडीला कायमचा जोडलेला आहे. बेलहाऊसिंग त्यातून खाली येत नाही. क्लचपर्यंतचा रस्ता वरून, बोनेटच्या तोंडातूनच जातो. म्हणून या गाडीचा क्लच बदलणं हा इंजिन उतरवण्याचाच निर्णय असतो आणि तो हिवाळ्यावर सोपवण्यात शहाणपण आहे. तिथल्या रस्त्यांवर तेव्हा मीठ टाकलेलं असतं आणि अशी गाडी तशीही घरातच असते. डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे, गाडी रस्त्यावर नसल्याची नोंद, म्हणजे सॉर्न, करून ठेवावी. मग मार्चपर्यंत घाई नसते. मात्र सॉर्न असताना गाडी घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करणंही बेकायदा ठरतं. गॅरेज लहान असेल तर हे आधीच ध्यानात घ्यावं.

मराठी वाचकाला हे इंजिन वाटतं तितकं परकं नाही. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज इंजिनाचं हे १७९८ सीसी रूप. याच घराण्यातलं १४८९ सीसी इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. अँबॅसिडर खोललेल्या मेस्त्रीला टॅपेटची कव्हरं, पुशरॉड, उजवीकडचा डिस्ट्रिब्यूटर आणि डावीकडचे मॅनिफोल्ड लगेच ओळखीचे वाटतील.

उतरवायच्या आधी खात्री

इंजिन उतरवणं जड काम. ते विनाकारण होऊ नये म्हणून या गाडीवर आधी चार तपासण्या केल्या.

पहिली क्लचच्या हायड्रॉलिक्सची. एमजीबीच्या क्लचला मोकळीक बसवायचा स्क्रू नाही, स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लचचा फोर्क ढकलणारा) झीज आपोआप भरून काढतो. त्यामुळे पेडल किंवा पुशरॉड घट्ट करून घसरण थांबत नाही. पण जुना रबरी होज आतून सुजला तर दाब अडकून राहतो आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. लक्षण अगदी घसरणाऱ्या क्लचसारखं दिसतं. घसरण सुरू असतानाच स्लेव्हचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, क्षणभर उघडून दाब सोडायचा. घसरण थांबली तर दोष होजचा, आणि इंजिनाला हात लावायची गरज नाही. इथे ती थांबली नाही.

दुसरी तपासणी तेल कुठलं आहे याची. यात लोक फसतात, कारण या गाडीत इंजिनात आणि गिअरबॉक्स-ओव्हरड्राइव्हमध्ये एकच तेल चालतं, २०डब्ल्यू-५०. गिअर ऑइलचा तो उग्र वास इथे येणारच नाही. फरक फक्त रंगाचा: इंजिनाचं तेल काळं पडतं, गिअरबॉक्सचं बराच काळ सोनेरी राहतं. बेलहाऊसिंगच्या तळाला तेल निघून जाण्यासाठी छोटं भोक असतं. तिथला थेंब पांढऱ्या कागदावर घेतला तर काळा निघाला. म्हणजे गळती इंजिनाच्या मागच्या बाजूची.

तिसरी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही सिलिंडर १५० ते १६० पीएसआयच्या दरम्यान आले. ८.८:१ कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला हे उत्तम. रिंगा आणि वॉल्व्ह ठीक, म्हणजे इंजिनाची फेरबांधणी या हिवाळ्याच्या यादीतून बाद.

चौथी तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच सापडलं. आयडलवर इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं, वर तळहात धरला. तिथे हलकं शोषण जाणवायला हवं. या मॉडेलमध्ये पुढच्या टॅपेट कव्हरवरच्या सेपरेटरमधून (वाफेतलं तेल वेगळं करणारा डबा) एक होज निघून दोन्ही कार्ब्युरेटरना जातो आणि क्रँककेसमधली वाफ ओढून घेतो. बदल्यात ताजी हवा झाकणातल्या गाळणीतून आत येते. इथे शोषणाऐवजी फुंकर येत होती. रिंगा चांगल्या असताना फुंकर येते याचा अर्थ बाहेर जायची वाट बंद आहे. आतला दाब मग सर्वांत कमकुवत जागा शोधतो, आणि ती असते क्रँकचं मागचं ऑइल सील. नुसतं सील बदलून इंजिन परत चढवलं असतं तर वर्षभरात तोच डाग परत दिसला असता.

जागा, अवजारं, उष्णता

एमजीबीची लांबी साधारण ३.८९ मीटर. लहान गॅरेजमध्ये गाडी नाक आत करून घातली तर क्रेनला जागा उरत नाही. म्हणून गाडी उलटी आत घेतली, नाक दाराकडे आणि क्रेन बाहेरच्या फरशीवर. उचलण्याचा दिवस कोरडा निवडावा लागतो, बाकी सगळं काम दार बंद करून होतं.

इंजिनाचं वजन क्लचसकट सुमारे १६० किलो. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह धरून २०० किलोच्या वर जातं. घडीची एक टनी इंजिन क्रेन पुरते, पण एक टन हा आकडा हात सर्वांत आत असतानाचा आहे. हात पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन साधारण पाव टनावर येते. एमजीबीच्या नाकावरून आत पोचायला हात बराच बाहेर काढावा लागतो, म्हणून हातावरच्या भोकांशेजारचे आकडे वाचूनच पिन लावावी. सोबत लोड लेव्हलर हवाच. हँडल फिरवून लोंबतं वजन पुढे-मागे झुकवता येतं अशी ही पट्टी. तिच्याशिवाय गिअरबॉक्ससकट इंजिन या तोंडातून काढणं म्हणजे ओढाताण.

पाने इंची लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८ एएफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं माप). अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाची टोकं गोल करतो. एक्झॉस्टच्या डाउनपाइपचे सहा पितळी नट तर मेट्रिक पान्याने हमखास बिघडतात.

थंडीत आणखी एक गोष्ट सांभाळायची. गॅसची किंवा रॉकेलची शेगडी गॅरेजमध्ये लावू नये. एक तर पेट्रोलच्या वाफा. दुसरं म्हणजे अशी शेगडी जळताना पाण्याची वाफ सोडते आणि ती वाफ थंड लोखंडावर दव होऊन बसते. उघडा फ्लायव्हील आणि क्रँकची फ्लँज एका रात्रीत तांबूस होतात. छोटा विजेचा हीटर आणि उघड्या मशीन केलेल्या भागांवर तेलाचा पातळ हात, एवढं पुरतं. (कोकणात पावसाळ्यात गाडी खोलून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.)

सोडवणं

दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या सीटमागे, फळीखाली. त्यांची जोडणी आधी तोडायची. १९६७ नंतरची गाडी असल्याने अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक, निगेटिव्ह आहे. त्याआधीच्या गाड्यांत तो पॉझिटिव्ह असतो, हे जुनी गाडी असलेल्यांनी तपासावं. इग्निशन चालू राहिलं आणि पेट्रोलची नळी सुटलेली असली, तर मागचा एसयूचा विजेचा पंप पेट्रोल थेट इंजिनाच्या जागेत ओततो. बॅटरी पहिल्यांदा तोडायचं हे दुसरं कारण.

बोनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ, मग चार बोल्ट, दोन माणसं. तेल काढायचं: इंजिनातून सव्वाचार लिटरच्या आसपास आणि ऑइल कूलरमध्ये सुमारे ०.४ लिटर, गिअरबॉक्स-ओव्हरड्राइव्हमधून साधारण ३.४ लिटर. पाणी रेडिएटरमधून जातंच, पण ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे असलेला ड्रेन उघडला पाहिजे. या गाडीत तो उघडूनही थेंब आला नाही, आत गाळ दगड झालेला. तारेने टोचल्यावर तांबडं पाणी निघालं. हे पाणी ब्लॉकमध्ये राहिलं आणि गॅरेज शून्याखाली गेलं तर ब्लॉक तडकतो.

रेडिएटर, त्याची चौकट आणि ऑइल कूलर एकत्र निघतात. कूलरच्या नळ्या ब्लॉकच्या टोकाला सोडताना दोन पाने वापरावे, एकाने युनियन धरून. नाहीतर नळीच पिळली जाते. पाण्याच्या तापमानाच्या काट्याची बारीक तांब्याची नळी एकसंध असते. हेडमधला बल्ब हळू सोडवून नळी गुंडाळून बल्कहेडला बांधायची. ती मोडली तर काटा निकामी. ऑइल प्रेशरची नळी मात्र सुटते.

कार्ब्युरेटर जोडीने काढून सरळ उभे ठेवले. मॅनिफोल्डही काढले, कारण टॅपेट कव्हरं त्यांच्या मागे आहेत. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, रोटरची दिशा बॉडीवर खुणेने नोंदवली. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर नळी न सोडता दोन बोल्ट काढून बाजूला बांधला. आतला पुशरॉड निघून जाऊ नये म्हणून त्यावर केबल टाय. त्या क्षणापासून कुणीही क्लच पेडलला पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतो.

खालून प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून चार बोल्ट. स्पीडोमीटरची केबल. आतून गिअर लीव्हर. ओव्हरड्राइव्ह आणि रिव्हर्स लाइटच्या वायरी. बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स यांच्यातली अर्थची पट्टी. ही पट्टी विसरणं या कामातली फार जुनी चूक आहे. तिच्यावर पुढे येऊ.

प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा क्रमांक आणि त्याच क्रमांकाचा मोबाइलमधला फोटो. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर भागाचं नाव आणि बोल्ट कुठल्या भोकातला. दोन-तीन महिन्यांनी जोडणी करताना स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. एकाच जाडीचे पण वेगळ्या लांबीचे बोल्ट या गाडीत बरेच आहेत. लांब बोल्ट आखूड भोकात घातला की टोक तळाला टेकतं, डोकं घट्ट लागतं आणि भाग मात्र सैलच राहतो.

एकटं इंजिन की जोडी?

दोन मतं आहेत. एक: गिअरबॉक्स जागेवर ठेवून एकटं इंजिन पुढे ओढायचं. मागचा क्रॉसमेंबर सोडावा लागत नाही, वजन कमी. दोन: इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढायचे.

आमचं मत स्पष्टपणे दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे, निदान घरी काम करणाऱ्यासाठी. पहिल्या पद्धतीत काढणं सोपं, पण परत घालताना लोंबतं इंजिन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टशी सरळ रेषेत आणावं लागतं. क्रेन हेलकावे घेते आणि इंजिनाचं वजन क्लच प्लेटच्या मध्यावर येतं. मध्य वाकला की क्लच नीट सुटत नाही, गिअर कुरकुरतात आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. जोडी बाहेर असेल तर हीच जुळवणी जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर, उजेडात होते. शिवाय गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि त्याच्या माथ्यावरचा ओव्हरड्राइव्हचा स्विच यांना अन्यथा हात पोचत नाही. या प्रकरणात जोडीच काढली.

साखळीचे चार टोक: दोन पुढच्या इंजिन प्लेटला, माउंटच्या जागेजवळ, आणि दोन बेलहाऊसिंगच्या वरच्या बोल्टना, चांगल्या जाडीच्या पट्ट्या लावून. मॅनिफोल्ड, वॉटर पंप किंवा रॉकर कव्हर यांना कधीही नाही.

गाडीची पुढची चाकं जमिनीवर, मागचा भाग स्टँडवर उंच. यामुळे नाक खाली राहतं, क्रेनला कमी उचलावं लागतं आणि जोडीला जमिनीच्या मानाने कमी तिरपं करावं लागतं. गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक. क्रेनने साखळी ताणली, मग पुढची माउंटं सोडली, मग मागचा सुटा क्रॉसमेंबर. जॅक हळू खाली घेतला तसा गिअरबॉक्सचा शेपटीकडचा भाग कायमच्या क्रॉसमेंबरवर टेकला. तिथे आधीच लाकडी फळी ठेवलेली होती. आता लेव्हलरचं हँडल फिरवत शेपूट खाली, नाक वर. थोडं पुढे, थोडं वर, आणि प्रत्येक टप्प्याला थांबून भोवती पाहायचं: कुठली वायर ताणली गेली, कुठला होज अडकला. उजवीकडे स्टिअरिंगचा शाफ्ट अगदी जवळून जातो. काही अडलं तर क्रेनने जोर लावायचा नाही, कारण शोधायचं. अडकलेली एक केबल हायड्रॉलिक पंपाच्या दोन दांड्यांत तुटते.

जोडी नाकावरून सुटली की क्रेन मागे घ्यायची आणि लगेच वजन खाली उतरवायचं. उंच लोंबतं ठेवून क्रेन ढकलत नेऊ नये, तिची चाकं लहान असतात आणि फरशीच्या सांध्यात अडली की सगळं कलंडतं.

आत काय सापडलं

क्लच प्लेटवर काळं तेल, अस्तरावर चकाकी. प्रेशर प्लेटवर निळसर डाग. बेलहाऊसिंगमधली धूळ हवेच्या झोताने उडवली नाही. जुन्या क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधायचं, तोंडावर योग्य मास्क.

रिलीज बेअरिंग या गाडीत गोळ्यांचं नसतं, कार्बनची कडी असते. कडी बरीच झिजलेली, आणि ती कडी ढकलणाऱ्या फोर्कच्या बोल्टचं बुश लंबगोल. हे बुश बहुतेक जण बदलत नाहीत, मग नवा क्लचही पेडलच्या तळाशीच सुटतो. गोळ्यांचं बेअरिंग बाजारात मिळतं, पण आमचं मत मूळच्या कार्बनच्या बाजूने आहे. सिग्नलला गिअर न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढणाऱ्याला ते वर्षानुवर्षं पुरतं. त्या कडीला तेल किंवा ग्रीस लावायचं नसतं.

क्रँकच्या मागच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं स्पिगॉट बुश काढायला पोकळीत ग्रीस भरून बरोबर बसणारी दांडी हातोडीने ठोकली, ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर आलं. नवं सच्छिद्र पितळी बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवलं.

फ्लायव्हील काढल्यावर मागचं सील दिसलं, ओठ कडक झालेला. (१९६४ च्या अखेरपर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनांत हे सील नसतंच, क्रँकवरची आट्यांची खाच तेल परत ढकलते. तिथे थोडी गळती गृहीतच धरावी लागते.) क्रँकच्या फ्लँजवर जुन्या ओठाने बारीक रेघ कोरली होती. नवं सील बसवताना ते एखादा मिलिमीटर मागे-पुढे सरकवलं, म्हणजे नवा ओठ त्या रेघेत न पडता कोऱ्या जागेवर बसतो. ओठाला तेल लावून, फ्लँजच्या धारेवर पातळ प्लास्टिक धरून आत सरकवलं. कोरडं सील पहिल्या फेरीतच जळतं.

इथेच डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे खेळ मोजला. पुस्तकात ०.००४ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.१० ते ०.१३ मिलिमीटर. मिळाला ०.००७. क्लच दाबून धरायच्या सवयीने मधल्या बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) सतत जोर येतो, त्याचा हा परिणाम. तेवढ्यावर गाडी चालली असती. पण संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढायला जमिनीवर अर्धा तास लागतो, गाडीत असताना तेच काम त्रासाचं. म्हणून संप काढून मधली मेन कॅप सोडली आणि थ्रस्टच्या चारही चकत्या बदलल्या. तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला, खालच्या चकत्यांच्या जिभा कॅपच्या खाचेत. उलट्या बसल्या तर तेल पोचत नाही. मेन बोल्ट ७० पौंड-फूट, म्हणजे ९५ न्यूटन-मीटर. पुन्हा मोजलं, ०.००४ आलं.

आता मूळ दोष. पुढचं टॅपेट कव्हर काढलं तर सेपरेटरमधली जाळी काळ्या राळेने गच्च. होजमध्येही तेच, आणि कार्ब्युरेटरवरची नळीची तोंडं काजळीने अर्धी बुजलेली. कव्हर रॉकेलमध्ये भिजवून जाळी आरपार हवा जाईपर्यंत धुतली, होज नवे घातले, कार्ब्युरेटरची तोंडं तारेने मोकळी केली, गाळणीवालं झाकण नवं. जाळी नसलेलं, पूर्ण बंद झाकण इथे चालत नाही, हवा आत येण्याची वाटच बंद होते. दोन्ही टॅपेट कव्हरांना नवी कॉर्कची पॅकिंग, आणि बोल्ट हलक्या हाताने. जास्त आवळला की पत्रा वाकतो, कॉर्क बाहेर येतो आणि एक्झॉस्टच्या मागे अशी गळती सुरू होते जी लोक मग वर्षभर मागच्या सीलची समजत राहतात.

पुढचं टायमिंग कव्हरचं सीलही बदललं. क्रँकच्या पुलीमागची तेल फेकणारी चकती 'एफ' खूण पुढे ठेवून, आणि कव्हरचे बोल्ट सैल असतानाच पुली घालून सील मध्यावर आणलं, मग बोल्ट आवळले. पुलीचा नट ७० पौंड-फूट.

इथे थांबायचं कुठे हाही प्रश्न येतो. "इंजिन बाहेर आहेच तर" या विचाराने अनेक गाड्या दोन-दोन हिवाळे उघड्या पडलेल्या असतात. इंजिन जागेवर असताना जे करता येत नाही किंवा अवघड जातं ते आत्ता करायचं: क्लच, फोर्क, सीलं, इंजिन माउंट, गिअरबॉक्सचं पुढचं सील, ओव्हरड्राइव्हचा स्विच आणि त्याच्या वायरी. वॉटर पंप, डिस्ट्रिब्यूटर, कार्ब्युरेटरची सर्व्हिस ही कामं मे महिन्यातही होतात. इंजिनाची जागा रंगवायचा मोह टाळला. ती फक्त धुतली आणि ब्रेकच्या नळ्या तपासल्या.

जुळवणी

फ्लायव्हीलचे बोल्ट ४० पौंड-फूट, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर, नव्या लॉक पट्ट्यांसह. फ्लायव्हीलचा चेहरा एमरीने घासून ब्रेक क्लीनरने पुसला. त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही.

क्लच प्लेटची दिशा बघून: मध्याचा लांब भाग गिअरबॉक्सकडे. अनेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही, आणि ते सगळं परत चढवून झाल्यावर कळतं. मध्य जुळवायच्या दांडीने प्लेट धरून प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे, शेवटी २५ ते ३० पौंड-फूट. दांडी हाताने सहज आत-बाहेर जायला हवी.

मग गिअरबॉक्स जोडणी. इंजिन ठोकळ्यांवर, गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर, दोन्हींच्या कडांमधलं अंतर चारही बाजूंनी सारखं. गिअरबॉक्स चौथ्यात टाकून मागची फ्लँज हळू फिरवायची, इनपुट शाफ्टचे दाते क्लच प्लेटमध्ये शिरतात. शेवटचे दोन-एक सेंटिमीटर सगळ्यांत कठीण, शाफ्टचं टोक स्पिगॉट बुशात जायचं असतं. इथे बेलहाऊसिंगचे बोल्ट लावून ओढायचा मोह होतो. तो टाळा. ओढल्याने एक तर अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटतो किंवा प्लेटचा मध्य वाकतो. हाताने ढकलून बसत नसेल तर रेषा चुकलेली आहे: जॅक थोडा वर, थोडा खाली, पुन्हा. बरोबर रेषेत आलं की दोन्ही चेहरे हातानेच भिडतात.

गाडीत चढवणं उतरवण्याच्या उलट क्रमाने, पण मागच्या क्रॉसमेंबरपाशी वेळ जातो. शेपूट जॅकने उचलून, माउंटचे रबर आधी क्रॉसमेंबरला सैल लावून, मग तो बॉडीच्या भोकांशी आणायचा. एका भोकात निमुळती दांडी घालून दुसऱ्यात बोल्ट. पुढचे आणि मागचे सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे चढल्याशिवाय एकही घट्ट करायचा नाही.

आणि ती अर्थची पट्टी. ती राहिली तर सेल्फ मारताना शेकडो अँपिअर प्रवाह दुसरी वाट शोधतो, बहुधा थ्रॉटल किंवा चोकच्या केबलमधून. केबल लाल होऊन वितळते. या गाडीत जुनी पट्टी हिरवी पडलेली होती, नवी लावली आणि तिच्या टोकाखालचा रंग खरवडला.

पहिली सुरुवात

इंजिनात २०डब्ल्यू-५०, झिंक असलेलं. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हमध्येही २०डब्ल्यू-५०, ईपी (जास्त दाब सहन करणारं) गिअर ऑइल किंवा मॉलिब्डेनमचं अ‍ॅडिटिव्ह नाही, ते ओव्हरड्राइव्हच्या शंकू-क्लचला घसरवतं. पेट्रोल ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधारणपणे ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) मिळतं. जुने रबरी होज त्याने लवकर मऊ पडतात, म्हणून इंधनाचे होज इथेनॉल सहन करणारे घातले आणि टाकीत सुपर ई५ (इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच).

प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, सेल्फवर इंजिन फिरवलं. ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच प्लग लावले. सुरू झाल्यावर गरम इंजिनाला चालत्या वेगात ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५. झाकण काढून पुन्हा तळहात धरला, या वेळी शोषण होतं.

पहिले काही शे किलोमीटर क्लचला पूर्ण जोर द्यायचा नाही. त्यानंतर गाडी उंचावून माउंटचे बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट आणि डाउनपाइपचे नट पुन्हा तपासायचे, मॅनिफोल्डचेही, कारण नवी पॅकिंग उष्णतेने बसते. बेलहाऊसिंगच्या भोकाखाली पांढरा कागद ठेवून एक रात्र. पहिल्या रात्री एक-दोन थेंब पडू शकतात, जोडणीच्या वेळी राहिलेल्या तेलाचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी कागद कोरडा निघायला हवा. डाग दिसलाच तर आधी टॅपेट कव्हरांची पॅकिंग आणि संपच्या मागच्या टोकाचा कॉर्क बघायचा, आणि सेपरेटरची जाळी पुढच्या प्रत्येक मोठ्या सर्व्हिसला धुवायची.